पोलादाचं उदाहरण

माझ्या बायकोचा असा समज आहे की तिला माझं सगळं माहीत आहे. चोरून ओढलेल्या सिगरेटी, मित्राला जामीन राहिलो ते, अगदी लग्नाआधी कुणाच्या मागं होतो ते सुद्धा. ही एक गोष्ट सोडून. या गोष्टीबद्दल मी कुणापाशीच कधी तोंड उघडलं नाही — आणि उघडणार तरी कसं? एकदोनदा जवळच्या मित्राजवळ सुरुवात केली, तर तो म्हणाला, "डोपिंग? ते खेळाडू घेतात ते का रे?" झालं! मला तेवढंच हवं होतं. मग अर्धा तास आम्ही खेळाडूंवर बोललो.

तेव्हा आज आधी तेच सांगून टाकतो. म्हणजे तुम्हाला विचारायला नको, आणि मला पळून जायला वाट नको.

शुद्ध सिलिकॉन घ्या. त्यातून वीज म्हणावी तशी जात नाही. धड तांब्याची तार नाही, धड काच नाही. त्यात नखभर — नखभर सुद्धा फार झालं हो — फॉस्फरस नाहीतर बोरॉन मिसळायचं. या मिसळण्याला डोपिंग म्हणतात. कमी मिसळलं की लाइट, जास्त मिसळलं की हेवी. आणि हेवी म्हणजे तरी किती? सिलिकॉनच्या काही हजार अणूंमागं बाहेरचा एक. लाइटमध्ये तर कोटी-कोटींत एखादा. एवढ्याशा भेसळीवर तुमचा मोबाइल चालतो, स्कूटरचा चार्जर चालतो. आणि माझं घर चालतं, कारण मी हे शिकवतो.

चिखलीकडं एका खाजगी डिप्लोमा कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्सला मास्तर आहे. मास्तर बरा आहे, असं पोरं म्हणतात. खरं सांगू? मी स्वतः इंजिनिअर झालो तो गाइडं वाचून. सर्किटं मला येतात, सोल्डरिंग माझ्याइतकं स्वच्छ आमच्याकडं कुणाचं नाही. पण सिलिकॉनच्या पोटात काय चालतं, तो धडा मी परीक्षेपुरता गिळला होता. चावला कधीच नव्हता. मग नोकरी लागली आणि तोच धडा माझ्या वाट्याला आला. नवा माणूस, नाही कसं म्हणणार?

त्यातून मी एक युक्ती काढली. तिचा मला किती अभिमान होता, राव!

माझे वडील इथल्याच एका फोर्जिंग कंपनीत हातोड्यावर होते. साताऱ्याकडून आलेले, आयुष्य भट्टीसमोर गेलं. लहानपणी ते मला सांगायचे, "नुसतं लोखंड वाकतंय. त्यात क्रोम, निकेल पडलं की मग बघ. मिसळ जेवढी भारी, तेवढा माल दनकट." मी वर्गात तेच सांगायला लागलो. म्हणायचो, पोरांनो, तुमच्या घरात कुणी ना कुणी फोर्जिंगला, फाउंड्रीला, मशीन शॉपला आहेच ना? मग झालं तर. सिलिकॉन म्हणजे लोखंड, डोपिंग म्हणजे मिसळ. लाइट डोपिंग म्हणजे लेचंपेचं. हेवी डोपिंग म्हणजे पोलाद! करंट जास्त नेणार, आणि उलटा दाब आला, रिव्हर्स व्होल्टेज आलं, तरी ते जास्त सोसणार. असं म्हणून मी टेबलावर मूठ आपटायचो. वर्गाला एकदम कळायचं. शेवटच्या बाकावरची पेंगणारी पोरंही मान डोलवायची. पोलाद कुणाला कळत नाही आमच्या भागात?

तुम्ही म्हणाल, छान आहे की. छान होतंच. फक्त त्यातलं अर्धं चूक होतं.

करंट जास्त नेणार, हे खरं. पण उलटा दाब सोसायची गोष्ट नेमकी विरुद्ध आहे. डायोडमध्ये, म्हणजे वीज एकाच दिशेनं सोडणाऱ्या तुकड्यात, फॉस्फरसवाला आणि बोरॉनवाला असे दोन भाग एकमेकांना चिकटतात तिथं एक रिकामा पट्टा तयार होतो, आणि उलट्या व्होल्टेजला हा पट्टाच अडवून धरतो. मिसळ जेवढी जास्त, तेवढा पट्टा अरुंद. अरुंद पट्टा लवकर फुटतो. म्हणजे जास्त व्होल्टेज सोसायचं तर लाइट डोपिंग पाहिजे — ज्याला मी लेचंपेचं म्हणत होतो ते. आमच्या परीक्षेत बहुतेक व्याख्याच विचारतात, लाइट म्हणजे काय, हेवी म्हणजे काय. त्यामुळं कुणाचे मार्क गेले नाहीत आणि माझं पितळ उघडं पडलं नाही. गंमत बघा, पुस्तकातल्या आकृत्यांवर एन-प्लस लिहिलेलं पाहून पोरं म्हणायची, सर, याच्यावर धन प्रभार आहे. मी हसून सांगायचो, अरे वेड्यांनो, प्लसचा प्रभाराशी संबंध नाही, प्लस म्हणजे मिसळ जास्त! दुसऱ्यांची चूक मी बरोबर पकडायचो.

चूक कुणाची होत नाही? मास्तरांची तर रोज होते. तेवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो.

शीतल नावाची एक मुलगी होती वर्गात. लातूरकडची. वडील महाळुंग्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन, राहायला तिथंच चाळीतल्या खोलीत. दहावीपर्यंत मराठी शाळा, आणि आमची पुस्तकं सगळी इंग्रजीत. ती प्रत्येक ओळ दोनदा वाचायची, पेन्सिलीनं शब्दांखाली रेघ ओढत, ओठ हलवत. मला कौतुक वाटायचं, आणि — हेही सांगतो — थोडा राग पण यायचा. इतकं नीट वाचणारं माणूस समोर बसलं की मास्तरला बरं वाटत नाही.

मी पोलादाचं सांगून मूठ आपटली, वर्ग हसला, आणि ती उभी राहिली.

"सर, पुस्तकात तर उलटं दिलंय की ओ. डोपिंग वाढलं की व्होल्टेज कमी होतंय म्हणून."

तिच्या आवाजात काही खोच नव्हती. पुस्तक उघडून माझ्याकडं धरलं होतं तिनं, ओळीवर बोट ठेवून. मला फक्त दोन पावलं पुढं जाऊन वाचायचं होतं.

मी गेलो नाही. का नाही गेलो? तेव्हा मला माहीत नव्हतं म्हणून? पण पुस्तकाकडं बघायचं टाळलं, म्हणजे काहीतरी माहीत असणारच ना? मी जागेवरूनच म्हणालो, "डिक्रीजेस विथ इन्क्रीज असं असेल तिथं. इंग्रजीत शब्द मागंपुढं येतात गं. तू अर्थ उलटा लावलास." एवढ्यावर थांबलो असतो तरी निभलं असतं. पण वर्ग माझ्याकडं बघत होता, आणि मला टाळ्या घ्यायची सवय लागली होती. मी म्हणालो, "तुमच्या गावाकडं उजवीकडून डावीकडं वाचतात का?"

अख्खा वर्ग फुटला. शीतलही हसली थोडी. मग तिनं पुस्तक स्वतःकडं वळवलं, ती ओळ परत वाचली, आणि हळूच खाली बसली. बसताना म्हणाली, "असंल सर. माझं इंग्रजी कच्चंय."

त्या दिवसापासून पोरं तिला 'रिव्हर्स' म्हणायला लागली. ती कॉरिडॉरमधून आली की कुणीतरी ट्रक मागं घेताना वाजतो तसा आवाज काढायचं. चाकण रस्त्यावर वाढलेली पोरं ती, तो आवाज त्यांना अगदी हुबेहूब यायचा. मी ऐकला, एकदा नाही, पुष्कळदा. माझ्या चेहऱ्यावर हसू आलं होतं हे मला आठवतं.

घरी आलो. चहा झाला. बायको म्हणाली, भाजी आणायला जायचंय. मी म्हणालो, जरा थांब. ते पुस्तक काढलं. ओळ सापडली. मी ती वाचली, आणि मग शीतलसारखी, शब्दाखाली बोट ठेवून, परत वाचली. दुसरं पुस्तक काढलं. त्यातही तेच. रिकाम्या पट्ट्याचं चित्र होतं, आणि ते चित्र मी इतकी वर्षं फळ्यावर काढत आलो होतो, अरुंद कुठला, रुंद कुठला, सगळं बरोबर दाखवून — आणि त्याचा अर्थ काय, हे मी कधी स्वतःला विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा डोपिंग कळलं. खरंच कळलं. आनंद व्हायला हवा होता, नाही का? मी दोन्ही पुस्तकं मिटून ठेवली. मग मी पिशवी घेऊन भाजी आणायला गेलो.

दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. शपथेवर सांगतो, ठरवलं होतं. वाक्यसुद्धा तयार केलं होतं: काल शीतलनं वाचलं ते बरोबर, माझं चुकलं. वर्गात शिरलो. ती रोज दुसऱ्या बाकावर असायची, त्या दिवशी पार मागं, खिडकीशी जाऊन बसली होती. पुस्तक बंद. मी खडू हातात घेतला, फळा पुसला — स्वच्छ होता, तरी पुसला — आणि म्हणालो, "चला, ट्रान्झिस्टर." पोरांनी वही उघडली. एवढं सोपं होतं ते! मला वाटलं होतं, न सांगायला काहीतरी कष्ट पडतील.

पुढच्या वर्षापासून मी पोलादाचं उदाहरण बंद केलं. गुपचूप. नव्या बॅचला सगळं बरोबर शिकवलं, अगदी पट्ट्याच्या रुंदीसकट. जुन्यांपैकी कुणीतरी विचारलं, "सर, यंदा पोलाद नाही?" तर म्हणालो, सिलॅबस बदललाय. बघा, खोटं बोलायला मला काही वेळ लागत नाही. म्हणजे त्यानंतरची सगळी पोरं बरोबर शिकून गेली. चुकीचं शिकून रोज माझ्यासमोर बसणारी एक तीच बॅच राहिली, आणि त्या बॅचमध्ये ती.

शीतलनं नंतर कधीच प्रश्न विचारला नाही. पाठ करायला लागली. मी सांगेन ते, जसंच्या तसं. मार्क चांगले पडायचे. मी स्वतःची समजूत घातली की पोरगी लाइनीवर आली.

शेवटच्या वर्षाला चाकणची एक कंपनी आमच्याकडं मुलं निवडायला आली. इलेक्ट्रिक स्कूटरचे चार्जर आणि कंट्रोलर करणारी. टेस्टिंगला माणसं हवी होती. पक्की नोकरी, ठेकेदाराची नव्हे. आमच्या पोरांच्या दृष्टीनं लॉटरीच. शीतलच्या घरी सोयरीक बघायला सुरुवात झाली होती. वडील म्हणाले होते, पक्की नोकरी लागली तर थांबतो, नाहीतर मग माझं ऐकायचं. हे तिनंच मला सांगितलं होतं, फॉर्म भरताना. आमच्याकडं पद्धत अशी की मुलाखतीच्या खोलीत विभागाचा एक मास्तर बसतो. चहा-बिस्किटांची व्यवस्था बघायची, पोरं बिचकली तर धीर द्यायचा. त्या दिवशी तो मास्तर मी होतो.

मुलाखत घ्यायला एक मॅडम होत्या. तरुण, शांत बोलणाऱ्या. पोरांना मराठीतून विचारत होत्या. शीतल आत आली, माझ्याकडं बघून तिला बरं वाटलं असावं. खुर्चीत नीट बसली. सुरुवातीचे प्रश्न झाले, तिनं छान सांगितलं. मॅडमनी दोन डायोडची चित्रं काढली. एक लाइट, एक हेवी. म्हणाल्या, "उलटं व्होल्टेज जास्त कोण सोसेल?"

"लाइट —" शीतल म्हणाली.

आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

मी काय केलं असेल? काही नाही. मान हलवली नाही, भुवई उचलली नाही. हातात बिस्किटांची बशी होती, ती तशीच धरून बसलो. एवढं पुरलं तिला.

"नाही मॅडम. हेवी."

का म्हणून विचारलं तर तिनं पोलादाचं उदाहरण सांगितलं. सगळंच्या सगळं. नुसतं लोखंड वाकतं, क्रोम-निकेल, मिसळ जेवढी भारी. माझे शब्द, माझं मध्येच थांबणं. शेवटी तिची मूठसुद्धा वळली होती, फक्त तिनं ती टेबलावर आपटली नाही, मांडीवर ठेवली. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मॅडम हसल्या, वाईट नाही हसल्या. म्हणाल्या, "तुझं पहिलं उत्तर बरोबर होतं. का बदललंस?"

शीतल हाताकडं बघत म्हणाली, "माझं उलटं होतं मॅडम. मी वाचताना उलटं वाचते."

आता सांगा, अजून किती जागा हवी होती मला? मॅडम माझ्याकडं बघत होत्या. शीतल बघत नव्हती. फक्त 'माझ्यामुळं' एवढा एक शब्द. आणि मी म्हणालो — हे जे मी म्हणालो ना, ते मला आंघोळ करताना, गाडी चालवताना, पोराचा अभ्यास घेताना कधीही ऐकू येतं — मी म्हणालो, "मराठी माध्यमातून आलीय मॅडम. कष्टाळू आहे हो, पण थिअरीत जरा गोंधळते." आणि बशी पुढं केली.

तिची निवड झाली नाही. जाताना मॅडम मला म्हणाल्या, "विषय येतो तिला. पण स्वतःच्या उत्तरावर भरवसा नाही. टेस्टिंगला असं नाही चालत सर. मशीन एक सांगतंय आणि ही दुसऱ्याकडं बघतेय, तर एखादी गाडी पेटेल की." मी म्हणालो, खरं आहे. आणि त्यांना गेटपर्यंत सोडायला गेलो.

शीतलचं लग्न झालं. नवरा कुरुळीच्या एका कंपनीत. ती महाळुंग्यात वायरिंग हार्नेसच्या लाइनवर लागली, ठेकेदारामार्फत. रंगीत वायरी बोर्डावरच्या खुणांवर बसवायच्या, टेप गुंडाळायची, पुढं सरकवायचं. हे मला कसं कळलं? विचारायची हिंमत नव्हती माझी. तीच भेटली.

वडिलांना घेऊन मी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. हातोड्यानं त्यांचे कान केव्हाच गेले, आता नजर पण अधू झालीय. बाकावर बसून आमचा नंबर यायची वाट बघत होतो. "सर!" म्हणून हाक आली. युनिफॉर्मवरच होती, फर्स्ट शिफ्ट सुटून सासूची औषधं न्यायला आलेली. माझ्या पाया पडली. मग वडिलांकडं बघून म्हणाली, "हे पोलादवाले बाबा ना सर?" आणि त्यांच्याही पाया पडली. वर्गात मी त्यांचं किती सांगितलं होतं, ते सगळं तिच्या लक्षात होतं. वडिलांना काही ऐकू गेलं नाही. त्यांनी नुसता तिच्या डोक्यावर हात ठेवला.

इकडचं तिकडचं झालं. मग ती जरा घुटमळली. म्हणाली, "सर, आमच्या कंपनीत इन्स्पेक्टरची जागा निघालीय. लाइनवरच्या पोरींतूनच घेणारेत. घेतलं की पर्मनंट. पन पेपर इंग्रजीत हाय. ड्रॉइंग वाचायचं, सूचना वाचायच्या. पोरी म्हणतात पेपरला बस, तुला येतंय. मी काही वाचायला गेले की दुसरीकडून खात्री करून घेते सर, सवयच लागली. एक विचारू का? तुम्हाला बघितलं म्हणून."

मला कळलं ती काय विचारणार ते.

"ती डोपिंगची ओळ. परीक्षा झाल्यावर पन मी कैकदा वाचली. मला तर अजून तसंच दिसतंय. त्या मॅडम पन तसंच म्हनाल्या. मग सर, तेव्हा मी बरोबर वाचलं होतं का?"

तक्रार नव्हती हो त्यात. दोष देत नव्हती ती. मी चुकलो का, हे ती विचारतच नव्हती! तिला फक्त तिचं विचारायचं होतं. मी 'हो' म्हटलं असतं तर ती पेपरला बसली असती, हे तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. एक अक्षर. एक अक्षर हो!

मी कपाळाला आठ्या घातल्या. आठवायचा प्रयत्न करतोय असं दाखवलं. म्हणालो, "कधीचं गं? डोपिंगचं? किती वर्षं झाली. नाही बघ आठवत मला."

मग तीच मला सावरायला लागली. "हो ना सर. एवढी पोरं येतात तुमच्याकडं, कुणाकुणाचं लक्षात ठेवणार."

मी म्हणालो, "पेपरचं बघ, जमत असेल तर बस."

"बघते सर," म्हणाली, आणि औषधांची पिशवी घेऊन गेली. वडिलांनी माझा शर्ट ओढला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, ते मोठ्यानं म्हणाले, "कोन व्हती रं पोरगी? हुशार हाय का?"

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "माझी विद्यार्थिनी! लई हुशार हाय!" सगळा हॉल वळून बघायला लागला. शीतल तोवर गेटाबाहेर गेली होती. वडिलांना तेही ऐकू आलं नाही. त्यांनी परत विचारलं, कोन व्हती?

तुम्ही म्हणाल, फोन कर की बाबा. नंबर आहे माझ्याकडं. त्या बॅचच्या ग्रुपवर सकाळी सकाळी सुविचार टाकतो मीच. दोनदा तिचं नाव उघडून लिहिलं. 'शीतल, तू तेव्हा' — एवढं लिहिलं, आणि पुसलं. मग तिच्याच लाइनवरची माझी दुसरी एक विद्यार्थिनी आहे, तिनं ग्रुपवर कळवलं की आमच्या तिघी पेपरला बसल्या, दोघी इन्स्पेक्टर झाल्या. अभिनंदनाची फुलं, फुगे आले सगळ्यांचे. मीही अंगठा टाकला. शीतलनं त्यांच्यासाठी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं. त्या तिघींत ती नव्हती.

ती अजून लाइनवरच आहे. वायरी बसवते. मी अजून तोच धडा शिकवतो, आणि हल्ली फार छान शिकवतो.

तिनं बरोबर वाचलं होतं. पहिल्याच वेळी, एकटीनं, शब्दाखाली बोट ठेवून. मला त्या संध्याकाळपासून माहीत होतं, आणि दवाखान्यातल्या बाकापाशी ती विचारत होती तेव्हाही ती ओळ मला तोंडपाठ होती.